दोन पेग आणि तळपायाची खाज: वजन कमी करण्याच्या सर्जरीनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ संपत आला, गटारी तोंडावर आली, की माझ्या फोनवर एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. विचारणारा आधी प्रोटीन पावडरबद्दल बोलतो, मग केस गळतात म्हणून सांगतो, आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणतो, "मॅडम, परवा थोडी घेतली होती. रात्रभर पायाला अशी खाज सुटली की झोप नाही." मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. मुंबईत स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास या वजन कमी करण्याच्या सर्जरी झालेल्या लोकांचं ताट आणि गोळ्यांचा डबा तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे इथे निदान मिळणार नाही. कुठे बघायचं आणि कधी धावत सुटायचं, एवढं मात्र मिळेल.

सर्जरीनंतर दारू प्यायली की पायाला खाज येते, असा काही आजार असतो का?

या नावाचा आजार नाही. खाज हे लक्षण आहे आणि त्यामागे दहा कारणं असू शकतात. इतकी वर्षं हे फोन घेऊन माझं एक मत बनलंय: दारू बऱ्याचदा खाज निर्माण करत नाही, ती चुगली करते. लिव्हर आधीच कुरकुरत असतं, पायाच्या नसा (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हे) व्हिटॅमिनविना उपाशी असतात, किंवा बोटांच्या बेचक्यात बुरशी बसलेली असते. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, पाय गरम होतात आणि इतके दिवस दबून असलेलं बोलायला लागतं.

म्हणून मी फोनवरच तीन गोष्टी विचारते. प्यायल्यावर किती वेळाने खाज येते? कातडीवर काही दिसतं का? आणि न पिता कधी येते का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण ठामपणे "नाही" म्हणतात. मग मागून बायकोचा आवाज येतो, "अहो, मंगळवारी पण चादरीवर पाय घासत होतात की!" त्या एका वाक्याने निम्मं काम होतं.

पूर्वी चार पेग सहज पचायचे. आता एकातच गरगरतं, ते का?

स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये पोटाची वर जी छोटी पिशवी उरते, थेट लहान आतड्याला जोडलेली, ती साधारण ३० मिलीची, म्हणजे अक्षरशः एका छोट्या पेगाएवढी. पूर्वी दारू पोटात रेंगाळायची, जेवणात मिसळायची, पोटाच्या अस्तरातलं एन्झाइम तिचा थोडा भाग तिथेच मोडायचं. आता ती थेट लहान आतड्यात जाते आणि आतडं ती झपाट्याने शोषून घेतं. बायपासनंतर रक्तातली दारूची पातळी काही मिनिटांतच शिखर गाठते, ते शिखरही पूर्वीपेक्षा उंच असतं आणि उतरायला जास्त वेळ लागतो. वर वजनही तीसचाळीस किलोने घटलेलं. स्लीव्हवाल्यांनी "आपलं आतडं जागच्या जागी आहे" म्हणून निश्चिंत राहू नये, त्यांच्याही पोटातून दारू लवकर पुढे सरकते.

हिशोब एकदा डोळ्यांखालून घालाच. आपल्याकडच्या व्हिस्की-रमची तीव्रता ४२.८ टक्के. म्हणजे ३० मिलीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ६० मिलीत २० ग्रॅम. ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. "मी फक्त बिअर घेतो" हे वाक्य मला म्हणूनच मोठं गमतीचं वाटतं. शिवाय सर्जरीनंतर गॅसवाली पेयं टाळायची असतात ते वेगळंच.

जाता जाता: गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. बायपास झालेला माणूस एका मोठ्या पेगात ती ओलांडू शकतो आणि "साहेब, एकच घेतलाय" हे नाकाबंदीवर खरं असूनही उपयोगाचं नाही.

अर्ध्या तासात दोन्ही तळपाय लाल आणि गरम होतात, मग खाजतात. हे काय?

वेळ इतकी जवळची असेल तर संशय रक्तवाहिन्यांवर आणि हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनावर जातो. दारू मोडताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते कातडीतल्या पेशींमधून हिस्टामिन बाहेर काढू शकतं. वाईन आणि बिअरमध्ये हिस्टामिन मुळातच असतं, रेड वाईनमध्ये जास्त. आणि हिस्टामिन मोडणारं जे एन्झाइम आतड्यात असतं, त्याच्या कामात दारूच अडथळा आणते. चोर आणि पहारेकरी एकाच घरातले! सर्जरीनंतर हे सगळं एकदम आणि वेगाने रक्तात जातं, म्हणून पूर्वी कधी न जाणवलेलं आता जाणवतं.

पायच का, तर ते दिवसभर मोज्याबुटांत कोंडलेले असतात. अंधेरी ते चर्चगेट उभ्याने प्रवास झालेला असतो, रक्त खाली साचलेलं असतं आणि उष्णतेने खाज वाढते हा कातडीचा साधा नियम आहे. एक बारीक निरीक्षण मात्र करून बघा. नाशिकच्या वाईनने खाज येते आणि व्होडकाने येत नाही, असं असेल तर दोष अल्कोहोलपेक्षा त्या पेयातल्या बाकी घटकांचा असण्याची शक्यता जास्त. (हे तपासायला मुद्दाम दोन्ही पिऊ नका. आठवून सांगितलं तरी पुरतं.)

पाय लालबुंद होऊन आग होते, पंख्याखाली किंवा गार फरशीवर ठेवले की बरं वाटतं, आणि असं न पितासुद्धा उन्हात किंवा चालल्यावर होतं? मग एरिथ्रोमेलाल्जिया नावाचा एक दुर्मिळ प्रकार आहे, त्याबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. त्यात लोक बर्फात पाय घालून बसतात आणि कातडीच सडवून घेतात. बर्फ नको.

म्हणजे मला दारूची ॲलर्जी झाली का?

खुद्द अल्कोहोलची खरी ॲलर्जी फार क्वचित दिसते. बार्ली, गहू, द्राक्षं, यीस्ट, वाईन टिकवायला घातलेले सल्फाइट यांची जास्त दिसते. आणि बरेचदा गुन्हेगार ग्लासात नसतो, चकण्यात असतो. मसाला शेंगदाणे, कोळंबी कोळीवाडा, चायनीज भेळ. दारूमुळे आतड्याची भिंत थोडी सैल होते आणि एरवी सोसणारा पदार्थही सोसेनासा होतो.

ॲलर्जीत बहुधा काहीतरी दिसतं. गांधी उठतात, उंच फुगीर चट्टे येतात, काही तासांत इकडचे मावळून तिकडे उमटतात. आपण त्याला "अंगावर पित्त उठलं" म्हणतो आणि कोकम सरबत पितो. या पित्ताचा पित्तरसाशी काही संबंध नाही. गंमत अशी, की पित्तरसामुळे जी खरी खाज येते तिच्यात अंगावर काहीच दिसत नाही. ती पुढच्या प्रश्नात.

ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, चक्कर आली, तर १०८ लावा. "उतरेल सकाळपर्यंत" असं म्हणायची ती वेळ नव्हे.

पुरळ नाही, लाली नाही, पण रात्री तळपाय आणि तळहात दोन्ही खाजतात.

हा प्रश्न मी सर्वांत गंभीरपणे घेते. पित्तरस लिव्हरमधून आतड्यात नीट उतरला नाही की त्याचे घटक रक्तात चढतात आणि खाज सुटते, ती खास करून तळहात-तळपायांना आणि रात्री जास्त. खाजवून कातडी सोलते पण मूळ पुरळ कुठेच नसतं.

सर्जरी झालेल्या आपल्या लोकांना यासाठी दोन वाटा उघड्या असतात. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात. ते होऊ नयेत म्हणूनच बरेच सर्जन पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात, आणि तीच गोळी लोक सर्वांत आधी बंद करतात, कारण "त्या गोळीने काही जाणवतच नाही मॅडम." खडा नळीत अडकला की खाज, उजव्या बरगडीखाली कळ, थंडी वाजून ताप. दुसरी वाट लिव्हरची. सर्जरीपूर्वी बहुतेकांचं लिव्हर चरबीने भरलेलं असतं. वजन उतरलं की ते सुधारतं, पण त्या सुधारणाऱ्या लिव्हरवर दर शनिवारी दारू ओतली तर त्याने कसं सावरायचं?

सकाळी लघवीचा रंग बघा, काळ्या चहासारखा झालाय का. शौच पांढुरकं, मातीच्या रंगाचं होतंय का. डोळ्यांचा पांढरा भाग दारात उभं राहून दिवसाच्या उजेडात आरशात बघा, ट्यूबलाइटखाली सगळेच पिवळे दिसतात. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. लिव्हर फंक्शन टेस्ट करताना अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्त अडलंय का याचा अंदाज देणारे आकडे) त्यात आहेत का ते पावतीवर वाचा, आणि पोटाची सोनोग्राफी. कावीळ उतरवून देणाऱ्याकडे जाऊन हात चुन्याच्या पाण्यात घालण्यात जे आठ दिवस जातात, तेवढ्यात अडकलेल्या खड्यामागे पू होऊ शकतो.

खाज म्हणावी की मुंग्या, तेच कळत नाही.

बरोबर प्रश्न. नस बिघडली की मेंदूला नीट निरोप जात नाही. कुणाला ती खाज वाटते, कुणाला आग, कुणाला वाळूवर चालल्यासारखं. खाजवून बरं वाटत नसेल तर नसेचा विचार करा. आणखी एक खूण: पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर फरशी गार लागली म्हणून कळतं. असं कुणी सांगितलं की माझा हात आपोआप त्यांच्या गोळ्यांच्या डब्याकडे जातो.

पहिला संशयित बी१, म्हणजे थायामिन. शरीरात याचा साठा जेमतेम दोनतीन आठवड्यांचा. सर्जरीनंतर खाणं कमी, वर उलट्या असतील तर आलेलंही बाहेर, आणि दारू थायामिनचं शोषणच रोखते. तिन्ही एकत्र आलं तर काही आठवड्यांत पाय बधिर होऊ लागतात. त्याहून पुढे गेलं तर एकाचं दोन दिसणं, झोकांड्या जाणं, बोलण्यात गोंधळ. दारू प्यायलेल्या माणसाला नेमकं हेच होतं, म्हणून घरचे म्हणतात, "झेपत नाही तर पितो कशाला," आणि झोपवून ठेवतात. सकाळीही तसंच असेल, किंवा प्यायलेला नसतानाच असेल, तर ती मेंदूवरची इमर्जन्सी आहे.

इथे एक धोका आपल्या गल्लीतलाच आहे. अशक्तपणा आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाटली चढवायची सवय. त्या बाटलीत बऱ्याचदा ग्लुकोज असतं. बी१ संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं बी१ ते वापरण्यातच संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. बाटली लावण्यापूर्वी मोठ्याने सांगा: "माझी वजनाची सर्जरी झाली आहे, उलट्या चालू आहेत, आधी थायामिन द्या." इथे लाजू नका. बी१ ची रक्ततपासणी वेळ घेते आणि सगळीकडे होतही नाही, म्हणून डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता इंजेक्शन देतात.

दुसरा बी१२. याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून हा सावकाश दगा देतो, सर्जरीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. शोषायला पोटातलं ॲसिड आणि पोटातच बनणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन लागतं, दोन्ही सर्जरीने कमी झालेले. त्यात ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल रोजचं, डायबेटिसचं मेटफॉर्मिन चालू, आणि घर शाकाहारी. (माळकरी माणूस हा फोन करत नाही, हे खरं. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि श्रावण वजा केला तर आपल्या मांसाहाऱ्यांच्या ताटातही मासळी येते किती?) बी१२ चं इंजेक्शन घेऊन चार दिवसांत टेस्ट केली तर आकडा भरघोस येतो आणि नसा मात्र उपाशीच असतात. आधी टेस्ट, मग इंजेक्शन.

तिसरं नाव ऐकून सगळे चमकतात: तांबं. केस गळतात म्हणून कुणीतरी झिंक सुचवतं, लोक ते वर्षभर चघळतात, आणि जास्तीचं झिंक तांब्याचं शोषण अडवतं. त्याने पायांची लक्षणं हुबेहूब बी१२ सारखी दिसतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी यावर उपचार नाही. उलट बी६ जास्त झालं तरी नसा दुखावतात, त्यामुळे तीन कंपन्यांचं बी-कॉम्प्लेक्स एकदम घेणं म्हणजे तिप्पट फायदा नव्हे. आणि दारू स्वतःही नसांना विष आहेच.

एकाच पायाला होतं. तेही हेच असेल का?

व्हिटॅमिन, लिव्हर, ॲलर्जी सहसा दोन्ही पायांवर सारखंच दिसतात. एकच पाय असेल तर जागेवरचं कारण शोधा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यावरून एक नस जाते. तिच्याभोवतीची चरबी वजनाबरोबर गेली की ती उघडी पडते. आता पाय बारीक झाले, म्हणून लोक हौसेने पायावर पाय टाकून बसतात (वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, आनंद मला समजतो), दोन पेगांनंतर तसेच तासभर बसतात किंवा सोफ्याच्या कडेवर पाय टाकून झोपतात. सकाळी पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या, आणि कधी पाऊल वर उचलतच नाही, चालताना फटफट वाजतं. पाऊल लोंबत असेल तर न्यूरॉलॉजिस्ट.

घोट्याच्या वर तपकिरी डाग, फुगलेल्या निळ्या शिरा आणि खाज असेल तर व्हेरिकोज व्हेन्स, जुन्या वजनाची ती मागे राहिलेली उधारी आहे. अंगठ्याचा सांधा ठणकून सुजतो आणि सूज उतरताना कातडी खाजून निघते, तो गाउट. त्याचं आणि दारूचं नातं जुनं आहे. पण एक पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका. मालिश करू नका, लगेच दाखवा.

मला पावसाळ्यातच होतं, इतर वेळी पितो तेव्हा नाही.

मग आधी मोजे काढा.

एक गृहस्थ माझ्याकडे बायपासच्या दीड वर्षानंतर आले. हातात फाइल जाडजूड: लिव्हर, बी१२, ॲलर्जीचं पॅनेल, सगळं झालेलं आणि सगळं चांगलं. जुलै होता. लोअर परळला पाणी साचलं होतं, बूट ओले होते, ऑफिसात एसी. मी म्हटलं, पाय दाखवा. ते ओशाळले, पण खुर्चीवर पाय ठेवून मोजा काढला. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधली कातडी पांढरी, भिजलेल्या पोह्यासारखी, मधोमध लाल चीर. चिखल्या! फाइलमध्ये वीसेक कागद होते, पण तो मोजा कुणी उतरवलाच नव्हता.

चिखल्या म्हणजे बुरशी. शुक्रवारी संध्याकाळी बारमध्ये बूट घालूनच बसायचं, दारूने पाय गरम होऊन घाम येतो, घरी येऊन बूट काढले की खाज भडकते. दारू बिचारी इथे फक्त चुगलखोर. बोटांच्या फटी फडक्याने कोरड्या करणं, बूट एक दिवसाआड, सुती मोजे, ऑफिसात चपलांचा एक जोड, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं बुरशीचं मलम सांगितलेले सगळे दिवस. केमिस्टकडून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस जादू होते, मग नायटा पसरतो आणि हट्टी होतो.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेलाही रात्री खाज आहे आणि घरात दुसरंही कुणी खाजवतंय? ती खरूज. सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावायचं, नाहीतर ती फिरून येते.

औषधांमुळे होऊ शकतं का?

हो. पोट बिघडलं म्हणून घेतलेलं मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल, नायट्यासाठी दिलेलं ग्रिसिओफल्विन, यांच्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो. दुखण्यावरच्या ट्रामाडोलने नुसतीच खाज येऊ शकते आणि दारूबरोबर ते घातक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या काहींच्या अंगावर गांधी उठवतात. बायपासवाल्यांनी त्या तशाही घ्यायच्या नसतात, अल्सर होऊ शकतो. सगळ्या गोळ्यांचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

डायबेटिस होता, आता गोळ्या बंद आहेत. त्याचा संबंध?

असू शकतो. साखर सुधारली तरी नसांना आधी झालेली इजा लगेच पुसली जात नाही, आणि साखर फार वेगाने खाली आली तरी काहींच्या पायांची आग काही महिने वाढते. त्याहून तातडीची गोष्ट: बायपासनंतर रिकाम्या पोटी घेतलेली दारू साखर धोकादायकरीत्या खाली नेऊ शकते. घाम, थरथर, बरळणं याला नशा समजू नका. घरात ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचून बघा.

कुणाकडे जाऊ? कोणत्या टेस्ट?

कातडीवर काही दिसत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. दिसत नसेल तर आधी तुमचे सर्जन किंवा फिजिशियन. खासगीत परवडत नसेल तर मुंबईतली सार्वजनिक रुग्णालयं: केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि सर्जरीचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या.

सहसा लागतात त्या तपासण्या: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, लिव्हर, क्रिएटिनिन (किडनी), एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड. नसेची लक्षणं असतील तर तांबं आणि झिंक. फेरिटिन वगळू नका, लोह कमी असलं तर पुरळ नसतानाही अंग खाजतं, आणि सर्जरी झालेल्या पाळीच्या वयातल्या बायकांमध्ये ते फार वेळा कमी निघतं. डॉक्टरांपुढे खाज गायब असते, तेव्हा पाय लाल असतानाच फोटो काढा, वेळेसकट. काय, किती आणि कशाबरोबर प्यायलात तेही लिहा. खरं लिहा. "कधीतरी" हे माप नाही.

आज रात्रीचं काय? आत्ता खाजतंय.

नळाच्या गार पाण्यात दहा मिनिटं पाय, टिपून कोरडे करा, फटींसकट. मग साधं मॉइश्चरायझर. टाचांना खोबरेल चालेल, चिखल्या असतील तर बोटांत तेल नको. गरम पाणी आणि डेटॉल दोन्ही नको. नखं कापा. पाणी घोटघोट प्या. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी दारूवर घेतली तर गुंगी वाढू शकते, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मग आता आयुष्यभर प्यायचीच नाही का?

खाजेचं कारण सापडेपर्यंत तरी अजिबात नाही, यात मी सूट देत नाही. एरवी वजन वेगाने उतरत असताना, म्हणजे पहिलं वर्ष, बहुतेक टीम नाहीच म्हणतात. त्यानंतरचं सर्जनशी बोलून. बायपासवाल्यांना मी न पिण्याकडेच ढकलते, कारण नशा चटकन चढते तिथे सवयही चटकन लागते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, दारूचा त्रासदायक वापर सर्जरीपूर्वी ७.६ टक्के लोकांत होता, सर्जरीनंतर दुसऱ्या वर्षी तो ९.६ टक्के झाला. पहिल्या वर्षी वाढ नव्हती. सगळे कौतुक करून मोकळे होतात, फॉलोअपच्या तारखा चुकू लागतात, आणि तेव्हाच ही वाढ होते.

"एकाने काय होतंय" म्हणणारे मेव्हणे प्रत्येक घरात असतात. त्यांना आकडे सांगून उपयोग नसतो. "अँटिबायोटिक चालू आहे" हे कारण मुंबईत सगळ्यांना पटतं. आणि स्वतःलाच थांबवणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सर्जरी झाल्याचं सासरी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांना सांगायलाच हवं?

सासरी नका सांगू, तो तुमचा प्रश्न. डॉक्टरांना सांगा, दातांच्या डॉक्टरांनासुद्धा. "डाएटने कमी केलं" असं सांगितलेल्या एका मुलीच्या पायांची आग सहा महिने टेन्शन म्हणून खपवली गेली. पोटावरच्या सर्जरीच्या पाच बारीक खुणा एका नर्सने पाहिल्या, तेव्हा कुठे बी१२ तपासलं गेलं. निदान बटव्यात एक चिठ्ठी ठेवा: सर्जरीचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर.

खाज गेली. आता गोळ्या बंद करू?

बुरशीचं मलम डॉक्टर सांगतील त्या दिवशी बंद. बी१२, लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन: नाही. त्या तुमच्या पोटाच्या नव्या आकाराबरोबर आल्यात, तो आकार आहे तोवर राहतील.